बहिणीचा वाटा

पाटाच्या शेपटाला, एरंडोलपासून तीन कोसांवर,
चैत्रात जे वावर दुपारीही चांदणं पडल्यासारखं दिसतं
ते माझं.

वाटणीच्या दिवशी हिलालदादा तलाठ्यासमोर म्हणाला,
‘बहीनले बी काहीतरी देवाले जोयजे.’
आणि दिलं काहीतरी.
सव्वा एकर चोपण,
जिथं पेरलेलं बी थोडा विचार करून
परत आत जातं.

ढेकूळ फोडून मी जिभेला लावलं.
मीठ तर होतंच,
पण मागून अजून एक चव आली, साबणासारखी, निसरडी.
ती आमच्या बापाची.
पाट आला त्या सालापासून तो रात्रीचा उठून बारे धरायचा.
केळीला पाणी, उसाला पाणी,
पीक नसलं तर नुसतंच पाणी,
कारण त्याच्या बापाला ते कधी मिळालं नव्हतं.
खालचं पाणी वर आलं, उन्हात उडून गेलं,
जाताना हे ठेवून गेलं.

जळगावच्या प्रयोगशाळेतला पोरगा
कागद देताना आवाज उतरवून बोलला:
सामू नऊ पूर्णांक दोन.
मावशी, मातीत सोडियम ठाण मांडून बसलंय,
त्याला उठवावं लागेल.
म्हटलं, बसलेल्याला उठवणं मला येतं.
एक नवरा आणि दोन पोरं
वीस वर्षं पहाटेची उठवलीत.

पंचावन्न गोण्या जिप्सम.
वाऱ्याकडे पाठ करून फेकायचं, तरी पापण्या पांढऱ्या.
मग वखर. मग बांध घालून पाणी कोंडायचं
आणि थांबायचं.
तीन दिवस पाणी हललं नाही.
त्यात आभाळ दिसायचं, बगळा दिसायचा,
वाकून पाहिलं की मी दिसायची.
चौथ्या सकाळी खुंटीवरच्या खुणेखाली
बोटभर ओल.
एक बोट.
मी कुणाला सांगितलं नाही.

पण उतरलेलं पाणी जाणार कुठं?
उतार दादाच्या वावराकडे.
‘तुन्हं मीठ मन्हा वावरमाईन जाई?’
मी म्हटलं, माझं कुठलं, दादा,
बापाचं आहे.
वाटणीच्या कागदात लिहायचं राहून गेलं.
तो थुंकला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बांधाला टेकवून ठेवलेलं
एक फावडं. नवा दांडा, बाभळीचा.
माणूस नव्हता.

मी आणि कासाबाईनं आठ दिवस चर खणली,
त्याच्या धुऱ्याच्या कडेकडेनं, नाल्यापर्यंत.
पाणी आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं.
नाल्यातल्या बेडकांना म्हटलं, माफ करा बाबांनो.
नाला ते गिरणेला देईल, गिरणा तापीला,
तापी समुद्राला.
समुद्र काय, म्हणेल,
माझंच होतं, कुठं राहिलं होतं इतके दिवस?

मग धैंचा.
छातीइतका झाला, पिवळा फुलला,
आणि त्याच आठवड्यात गाडायचा.
कासाबाईची नात विचारत होती,
फुललेलं कसं गं गाडवतं?
नांगर चालू होता. ऐकू आलं नाही असं केलं.

तिसऱ्या वर्षी दादर.
कुठं कमरेला, कुठं गुडघ्याला,
कणसं हलकी. चार पोती.
गोण्यांचा, ट्रॅक्टरचा, आमच्या आठ दिवसांचा हिशेब मांडला
तर काही बसत नाही.
सामू आठ पूर्णांक चार.
पावसात चाललं की माती आता
पाय धरून ठेवत नाही,
सोडते.

वरच्या कोपऱ्यात एक तुकडा राहिलाय,
खाटेएवढा, अजून पांढरा.
त्याच्यासाठी एक गोणी मागे ठेवली होती.
पण दिवस मावळताना दादाची शेळी दावं तोडून येते
आणि तो तुकडा चाटत उभी राहते,
डोळे मिटून,
कुणी हाक मारेपर्यंत.

गोणी ओट्याखाली आहे.
शिवण उसवलेली नाही.