हाताचं माप

काटोल नाक्यापासून बावीस किलोमीटर. पाटी नाही,
डावीकडं बुजलेला एक मैलाचा दगड.
बाभळीच्या कुंपणातून आत शिरलं की संत्र्याचा बगीचा,
आंबिया बहाराची हिरवी फळं, काही झाडं डिंक्यानं गेलेली,
आणि मधोमध बंगला, जोत्यावर चढून बसलेला,
खाली साप असल्यासारखा.

खात्यानं सांगितलं होतं: तीन दिवसांत नकाशा.
मी टेपाचं एक टोक धरते, दुसरं निशिकांत.
उन्हातून त्याचा आकडा ओरडत येतो.

जोतं तीन फूट अर्धा इंच.
दार सहा फूट एक इंच.
ओसरी सत्तावीस फूट साडेचार.
एकही भिंत पुऱ्या आकड्यावर थांबत नाही.
वहीत लिहिलं: "कामात ढिलाई."

दर्शनी दगडावर मालगुजाराचं नाव,
नावाखाली साल, सालाखाली सूर्य,
मिशा असलेला.
गवंड्याचं नाव नाही. ते कुठं असतं.

रोशनदानं मात्र कुणाला तरी बोलावून दाखवावीत अशी:
आढ्याखाली तिरप्या फटी,
बाहेर सत्तेचाळीस अंश
आणि मधल्या खोलीत मानेवर गार झुळूक.
वाळ्याच्या ताट्या अडकवायच्या कड्या चौकटीत अजून आहेत,
एकीत कुंभारमाशीनं घर केलंय,
ते या बंगल्याहून नेटकं.

दुसऱ्या दिवशी बगिच्याला पाणी देणारा झिबल मरसकोल्हे
फावडं टेकवून म्हणाला,
"बाई, टेपानं नाई भेटत हे घर.
माह्या आज्याच्या बापानं बांधलं.
आमच्या घरी सगळ्याईचे हात एकसारखे."
आणि चिखलानं भरलेला हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत,
खिडकीच्या दगडी पाटावर ठेवला.
एक. दोन. तीन.
तिसरा हात संपला तिथंच दगड संपला.

सव्वाअठरा इंच. त्याला विचारून मोजला.
रात्री कंदिलाशी सगळे आकडे भागून पाहिले:
जोतं दोन हात. दार चार. ओसरी अठरा.
"कामात ढिलाई" खोडलं.
खोडलेलं दिसतंय. दिसू दे.

पण मागचं कापसाचं गोदाम भागेना.
तिथलं दार साडेपाच फूट, निशिकांतनं कपाळ आपटून घेतलं.
चुना तोच, बेलफळ आणि गूळ घालून मळलेला,
वीट त्याच भट्टीची,
हात तेवढा आखूड झालेला.

"मानमोडीच्या साली गेला ना तो," झिबल म्हणाला,
"गोदाम अर्ध्यावर होतं."
मग पुरं कुणी केलं?
त्यानं पाटाचं पाणी दुसऱ्या ओळीला वळवलं,
बराच वेळ फावड्यानं काठ थापटत राहिला.
"गारा कोण कालवत होतं, ते इचारा."
विचारलं. नाव त्यालाही ठाऊक नव्हतं.

अंधार पडल्यावर गोदामात एकटी गेले,
वाकून, अर्थातच.
चौकटीला माझा हात लावत गेले खालून वर:
चार हात, आणि वर चार बोटं उरली.
माझ्याहून लांब हाताची होती कुणी.

नकाशा मीटरमध्येच द्यावा लागतो, दिला.
कोपऱ्यात, प्रमाणपट्टी असते तिथं,
दोन रेघा काढल्या, एक लांब, एक आखूड.

साहेब म्हणाले, दोन प्रमाणं चालत नाहीत,
एक काढून टाका.
कोणती, ते नाही सांगितलं त्यांनी.