मांडूळ

कॅम्पातल्या मिनेझिस बाईंनी ते भंगारात काढलं,
आणि रिक्षावाल्यानं वाट वाकडी करून
वडगावात माझ्या वायंडिंगच्या दुकानी आणून टाकलं.
"बंब हाय बघा, धुळीचा," म्हणाला.
अ‍ॅल्युमिनियमचं लांबट पोट, पितळी कडी,
खाली घसरत जायला दोन पट्ट्या,
या टोकाला तोंड, त्या टोकालाही तोंड.
मी म्हटलं, बंब कसला, हे मांडूळ.

आमच्या गल्लीत माग चालतात.
माग चालतात म्हणजे कापूस उडतो,
आमटीत, भुवयांत, देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या सोंडेवर.
हप्त्यानं घेतलेले नवे क्लीनर
आठ महिन्यांत माझ्या टेबलावर येऊन मरतात.
त्यांना उघडायला स्क्रूच नाही.
प्लास्टिकला प्लास्टिक चिकटवलेलं,
शहाळ्यासारखा कोयता घालावा लागतो.
आत झिजलेला असतो वीस रुपयांचा कार्बन ब्रश,
आणि त्याच्यापर्यंत जायची वाट
बनवणाऱ्यानंच बुजवलेली.

मांडुळाला तीन खटके.
कट, कट, कट. पोट उघडलं.
पिशवी निघाली जाड मांजरपाटाची,
उशीच्या अभ्र्यासारखी घरच्या शिलाईची.
आत सुरीनं कापावी अशी घट्ट धूळ,
तिच्यात एक शिंपल्याचं बटण, एक चिंचोका,
आणि तुटलेल्या जपमाळेचे सात मणी.
मणी कागदात बांधून बाईंना पाठवले.
निरोप आला: मणी मिळाले. यंत्र नको.

देसूरकरांची समृद्धी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची,
वही घेऊन जमिनीवरच बसली.
"काका, हे आज बाजारात चालेल."
"कोण घेणार? उचलताना कंबर धरते."
"वजन उतरवू. धुता येणारी पिशवी ठेवू, खटके ठेवू.
ब्रशचं झाकण रुपयाच्या नाण्यानं उघडतंय, ते ठेवू.
आणि काहीही झालं तरी हे मागचं तोंड ठेवू."

उद्यमबागेत बसलिंगच्या लेथवर दोन महिने गेले.
पहिलं पोट फुटलं.
दुसरं चालू केलं की चहावाल्याचं कुत्रं
घसा बसेपर्यंत भुंकायचं.
तिसरं बरं घुमलं, खर्जात.

मग अडलं ते बटणापाशी.
चालू-बंद कुठल्या लिपीत लिहायचं?
समृद्धीनं दोन स्टिकर काढले, मग तीन.
चार शहाणी माणसं जमली,
प्रत्येकाला आपलं अक्षर वर पाहिजे.
दोनदा चहा झाला, आवाज चढले,
कुणीतरी कुणाचं तरी आडनाव काढलं.
बसलिंग कोपऱ्यात जुन्या यंत्राला चाचपत होता.
"ह्याच्यावर काय लिवलंय बघूलालो," म्हणाला,
"कायच न्हाई की."

एक लाल ठिपका. एक पांढरा.
अंगठा बसेल एवढे खोलगट.
अंधारातही बोटाला कळणारे.

स्टिकर कपांखाली गेले,
त्यांच्यावर चहाची वर्तुळं उमटली.

आजवर सतरा विकली.
एक परत आलं, रंग पसंत नव्हता म्हणून.
हिशेब विचारू नका, बसलिंगचे पैसे अजून देणं आहे.

पण पहिलं घरी आणलं त्या रविवारची गोष्ट सांगतो.
माग बंद होता.
नळी पुढून काढली, मागच्या तोंडाला लावली,
आणि गिळणारं मांडूळ फुंकायला लागलं.
किती वर्षांचा कापूस उठला,
पत्र्याखाली ढगासारखा तरंगला,
खिडकी सापडल्यावर सावकाश निघून गेला.
बायको नाकाला पदर लावून उंबऱ्यात उभी होती.
लग्न झाल्यापासून याच मागावर विणत आलेली.
हवा निवळल्यावर पुढं आली,
लोखंडी चौकटीवरून बोट ओढलं, थांबली.
"हा हिरवा होता?"

मी तरी कुठं पाहिला होता.