सुटे आणि दशक

बोहरी आळीतून आणलेली मण्यांची पिशवी
सतरंजीवर ओतली.
गुरुवार, म्हणजे काशेवाडीत नळाला पाणी नाही,
तशाच चिकट हातांनी मुलं ओवायला बसली.

दहा लाल, मग गाठ.
दहा निळे, मग गाठ.
रझिया दोऱ्याचं टोक थुंकीने ओलं करते,
तिचं बघून सगळेच.

सुटे म्हणजे काय, मी विचारलं.
उन्नती म्हणाली,
बाबांच्या बसमध्ये कधीच नसतात, ते.
हसू आलं. पण चूक कुठे होती?
सुटं ते निसटतं,
म्हणून तर दहा झाले की बांधायचं.

दहा, वीस, तीस,
बोटं गाठीवरून गाठीवर, मधलं सगळं गाळून
चाळीसला पोचली.
पुढे हिरवे. पण नऊच.
सतरंजी झटकली, खिसे उलटे केले,
रझियाला आ करायला लावला.
नाही म्हणजे नाही.

मग आता किती गं झाले?
उन्नतीने माळ खिडकीकडे धरली,
रिकाम्या दोऱ्यावर बोट ठेवलं,
एका मण्याएवढी जागा सोडली
आणि गाठ मारली.
एकोणपन्नास, बाई.

बावीस वर्षं मी हा शब्द घोकून घेतेय.
त्यात पन्नास आधीच येऊन बसलेत,
एकाची वाट बघत,
हे आज कळलं.

मणी सोमवारी सापडला, खराट्यात.
उन्नतीने गाठ सोडू दिली नाही.