भरतीच्या आधी, कंपूत

आपला पत्ता बघ, हेरंब : कंपू, लष्कर, ग्वाल्हेर.
दोन दोन छावण्या एका पाकिटावर,
आणि घरात बंदूक धरलेला एकही नाही.
आजोबा तारघरात, त्यांचे वडील खासगीत कारकून.
मी गेलो फौजेत, तोही झारा घेऊन.
बावीस वर्षं लंगरात.
वर्षातून एकदा गोळ्या झाडायच्या,
त्या बहुतेक मातीलाच लागल्या.

म्हणून म्हणतो, दुसऱ्या कोणाला विचार.
मुरारला निवृत्त सुभेदार पैशाला पासरी,
मिशीवरून हात फिरवत सांगतील, जा.
तुझी आई काल फोनवर रडली : दादा, त्याला नको म्हण.
मागून तुझे बाबा : हो म्हणा.
मी म्हटलं, गॅसवर दूध आहे.

बसलाच आहेस तर कांदा चीर.
असा नाही. मूळ शेवटी काप, डोळे कमी झोंबतात.
एवढं एक फौजेनं नक्की शिकवलं.

तुला वाटतं तिथे सगळं उंच असतं,
झेंडा, डोंगर, आवाज.
असतं. पण मी पाहिलं ते पातेल्याच्या काठावरून :
कोण भात टाकून उठतो,
कोणाला पत्र आल्यापासून मीठ कळत नाही.
रतलामचा एक पोरगा होता, तुझ्याएवढाच.
तेरा हजार फुटांवर डाळ शिजता शिजत नाही,
शिट्ट्या मोजून माणूस थकतो,
आणि हा रोज विचारणार :
उस्ताद, आज गोड काय?

एकदा एकतीस जणांची कणीक मळली.
गस्त आठला यायची. आली नाही.
दहा. बारा.
पोळ्या लाटायच्या की नाही, हे कोणाला विचारायचं?
कणकेवर ओलं फडकं टाकून बसलो.
पहाटे तीनला आले, एकतीसच्या एकतीस.
बर्फात वाट चुकली होती, एवढंच.
हसत जेवले. आज गोड काय, त्यानं विचारलं.
मी गूळ दिला.

दुसऱ्या एका रात्रीचं सांगणार नाही.
कणीक उरली होती, एवढंच.

आता तर चार वर्षांचीच नोकरी म्हणतात.
मग तेविसाव्या वर्षी तू
माधवगंजात एटीएमबाहेर स्टुलावर बसशील
की आणखी काही करशील, मला ठाऊक नाही.
तुलाही नाही. भरतीच्या कागदावर तर नाहीच.
भीती घालत नाही रे. पगार पहिल्या तारखेला येतो.
तुझ्या आईचं लग्न त्याच पैशात झालं,
दाल बाजारातून आणलेल्या तुपासकट.
पण आईनं 'हळू जेव' म्हटलं तरी तू ताट सरकवतोस.
तिथे तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार होईल
आणि तुला म्हणावं लागेल, जी उस्ताद.
गोळी कधीतरी लागते. हे रोज लागतं.

कशासाठी जातोस, ते मला सांगू नकोस.
पहाटे मेळा मैदानावर दोनशे पोरं पळतात,
बहुतेकांचं कारण एकच :
घरी बसलं की लोक विचारतात.
तुझं काय ते रात्री दिवा मालवून स्वतःला सांग.
आवाज कापला तर थांब.
नाही कापला, तरी जरा थांब.

बरं, ते राहू दे. बादलीत पाय बुडव
आणि इथे फरशीवर उभा राहा.
समोर बघ, खाली नाही.
डॉक्टर आधी हेच बघतात,
सपाट तळव्याला दारातूनच परत पाठवतात.
हं, सरक आता.

टाच. कडेनं एक बारीक ओली वाट.
मग चवडा, पुढे पाच थेंब.
कमान चांगली आहे तुझी. आईचीच आहे.

खोटं कशाला बोलू,
तू पाय उचललास तेव्हा
मला वाटलं होतं, सपाट निघावा.

उद्या पाचला मैदानावर ये, घड्याळ मी धरतो.
विजूनं विचारलं तर सांग,
मामानं कांदा चिरायला लावला.