जस्ताचा रोग

ओडलाइव्हनं रेडिओ आणला माशांच्या खोक्यातून,
वरून जुना स्वेटर, तापलेल्या पोराला आणावं तसा.
म्हणाला, एक्केचाळीस ते पंचेचाळीस
हा होडीघराच्या जमिनीखाली होता,
वर हेरिंगची दोन पिंपं.
जर्मनांनी गावातले सगळे रेडिओ नेले, हा सोडून.
"बाबा रात्री लंडन ऐकायचे. काट्यामागच्या पत्र्यावर
त्यांनी खिळ्यानं खूण केलीय.
तेवढी सांभाळ."

स्वोल्वेअरला सूर्य यायला अजून चार दिवस.
दिव्याखाली एकेक स्क्रू काढते.
निघत नाही त्याला तेल पाजून रात्रभर थांबते;
घाई केली की स्क्रूचं डोकं तुटतं,
मग माझं फिरतं.

लोखंडाचं बरं असतं.
धुण्याच्या सोड्यात बुडवा, बॅटरीची तार लावा,
गंज बुडबुड्यांबरोबर सुटत जातो.
पितळेवरचं जंगाल व्हिनेगर-मिठानं उतरतं.
बँडच्या स्विचचे चांदीचे ओठ काळवंडलेले,
त्यांच्यामधून कागदाची पट्टी ओढली
की पुन्हा बोलायला तयार.

पण जस्त.
मुठीमागचं जड चाक फुगलंय, भेगाळलंय,
बोट लावलं तर कड निखळली, भिजल्या बिस्किटासारखी.
हा समुद्राचा दोष नाही, पिंपांचाही नाही.
ओतताना चिमूटभर शिसं मिसळलं गेलं होतं
ओस्लोच्या कारखान्यात, कुणाच्या तरी दुपारच्या डुलकीत.
तेव्हापासून आतल्या आत चाललेलं.
याला औषध नाही.
तराजूत तोललं, आणि तेवढ्याच वजनाचं
पितळेचं नवं लेथवर कातलं.
जुनं फेकवेना. तंबाखूच्या डबीत आहे,
दर आठवड्याला थोडं अधिक पीठ.

पत्रा शेवटी घेतला.
खुणेभोवती दोन बोटं गंज तसाच ठेवला.
काच फुटलेली; तसल्याच दुसऱ्या रेडिओची बसवली,
दिवा लावला, शहरांची नावं उजळली,
आणि खूण लंडनखाली नव्हती.
हिल्व्हर्समखाली होती.
काच काढून पुन्हा बसवली.
हिल्व्हर्सम.

ओडलाइव्ह बराच वेळ वाकून बघत राहिला.
"तिथं काय लागायचं?"
"युद्धाआधी? नाचाची गाणी."
"बाबा नाचायचे नाहीत," तो म्हणाला.
मग, टोपी हातात घेऊन,
"आई नाचायची. लग्नाआधी."

मी मूठ फिरवली. पितळेचं चाक
बोटं सोडल्यावरही जरा फिरत राहिलं,
काटा खुणेवर येऊन टेकला.
तिथं आता कुणी बोलत नाही.
नुसती खरखर,
वाळूवरून होडी ओढत न्यावी तशी.
बंद करू का, विचारलं.
त्यानं स्टूल पुढे ओढलं.
मी कॉफी ठेवली.