हलक्यांची वंशावळ

आमच्या चिचटोल्यात त्यांना हलके म्हणत.
जातीनं नव्हे, वजनानं.
पऱ्ह्यातून चालत गेले तरी रोप वाकत नसे,
धुऱ्यावरचा खेकडा बिळात शिरत नसे.
कान टोकदार असतात म्हणे. मी नीट पाहिले नाहीत.
मी पाहिली ती एक म्हातारी,
केसांत ऐनाची साल खोवलेली.
वय विचारू नका.
बोडीची पाळ घातली त्या साली
कोणत्या बाईनं किती टोपल्या माती टाकली
हे ती बोटांवर सांगायची.

तो भादवा. बाप तापानं पडलेला,
म्हणून कोशाच्या राखणीला मी.
चौदा वर्षांचा, हातात गुलेल, डब्यात शिळा भात.
एकोणीस ऐन, आणि पानोपानी अळ्या.
रात्री त्यांचं खाणं ऐकू येतं,
कुणी जुनी वही सावकाश फाडावी तसं.

तिनं नाव विचारलं.
कवडू, म्हटलं.
माझ्याआधी तीन गेली, म्हणून मायनं मला
बुधीबाईला कवडीत विकलं
आणि पायलीभर धान देऊन परत आणलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, तुमच्यात मरणाला फसवायला नाव ठेवतात तर.
आमच्यात लेकराला नावच नसतं,
ते पहिला शब्द चुकेपर्यंत.
जसा चुकला, तेच नाव.
आणि ज्याच्या तोंडून ऐकून चुकला
ती त्याची माय. पोटचं असो, नसो.

पहिलीचं नाव सिळमोर, म्हणजे पाणी.
ती कुणाचं ऐकून चुकली ते ठाऊक नाही,
बहुतेक पाण्याचंच.
तिची सिळोर. सिळोरचा हिळोर,
त्याला पुढचे दात उशिरा आले.
हिळोरची इळोर. इळोरची मी, इळो.
दर वेळी आम्ही पाण्याला नव्यानं तसंच म्हणू लागलो.
जुना शब्द वापरायचा नाही,
तो आता माणूस झालेला असतो.

मेली असं त्यांच्यात म्हणत नाहीत.
रुळली, म्हणतात.

मी विचारलं, तुमचं पोरगं कोण?
तिनं ऐनाच्या बुंध्यावरून एक मुंगळा चिमटीत उचलला,
दूर नेऊन सोडला.
म्हणाली, चुकायला कुणी उरलं नाही.
शंभर वर्षं झाली, पाणी अजून इळोच आहे.

मला तहान लागली होती, एवढंच.
तुंबा तिच्या बाजूला होता.
म्हटलं, थोडं इरो द्या.

आता हे सांगायला हवं,
आमच्या झाडीत ळ जिभेवर बसत नाही.
डोळ्याला डोरा, शाळेला शारा.
तिसरीत वाघाये मास्तरनं फळ्यासमोर उभं करून
फळा म्हण म्हटलं.
मी फरा म्हटलं. सहा छड्या.
सातवी पट्टी मोडली म्हणून नाही.

म्हातारीनं तुंबा दिला नाही.
ती उठली, मातीला कपाळ टेकलं,
मग माझ्या हनुवटीला हात लावून
लहान पोराला हाक मारावी तशी म्हणाली,
इरो.
परत म्हणाली.
मग तुंबा दिला, आणि म्हणाली, घे, इरो पी.

त्या रात्री सहाव्या झाडाला मुंग्या लागल्या,
चाळीसेक अळ्या गेल्या. बापानं शिव्या घातल्या.
ती मला पुन्हा दिसली नाही.
रुळली असेल.

रेशन कार्डावर मी कवडू उदाराम वलथरे.
लिहिताना ळ येतो मला आता. बोलताना नाही.
नात नागपूरहून आली की हसते,
आबा, केरी नाही हो, केळी.
मी म्हणतो, बरं.
मग मुद्दाम तुंबा पुढे करतो,
हे काय आहे सांग, म्हणतो, हे इरो,
आणि तिच्या तोंडाकडे बघत बसतो.
ती शहरातल्या शाळेतली.
बरोब्बर म्हणते.