खिडकीचा बैल

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात, मागच्या शेडमध्ये
एक बैल होता. नाव मंत्री.
डाव्या कुशीला भोक, भोकाला रबराचं झाकण,
आणि साटम ते रोज सकाळी सातला
कोमट पाण्यानं पुसायचे,
देवाचं काही पुसावं तसं नाही,
आपला चष्मा पुसावा तसं.

माझी पहिली वेळ. खांद्यापर्यंत हातमोजा.
"घाल गो हात, चावूचो नाय. दात पुढे आसत."
आत वर तरंगता कडब्याचा जाड थर,
खाली आंबूस, गरम पाणी,
भिंत जुन्या टॉवेलसारखी, बोटाबोटांची.
आणि मग, मी विसरले असताना,
अख्खं पोट एकदा माझ्या हाताभोवती आवळलं
आणि सुटलं.
मी किंचाळले. साटम हसले
गालातला तंबाखूचा बार सांभाळत.

पुस्तकातलं पाठ होतं:
कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट, खरं पोट.
खरं चौथं. मग आधीची तीन काय खोटी?
तोंडी परीक्षेत हे विचारायची सोय नव्हती,
म्हणून साटमांना विचारलं.
"पयला मोठा पोट भाड्यान दिलला," ते म्हणाले.
"थंय कोण कोण रवतत, डोळ्याक दिसाचे नाय.
गवात बैल खाय नाय, ते खातत.
ते जा टाकतत, त्याच्यार ह्यो जगता.
आणि सरतेशेवटी त्येंकाच पुढे ढकलून पचयता."
परळचाच घरमालक म्हणायचा.

मार्गशीर्षात जोगेश्वरीहून जोखू यादवची म्हैस आली.
लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात
पातेलंभर खाऊन बसलेली.
चार दिवस रवंथ नाही, डोळे आत,
पोटात नुसतं आंबट पाणी, आतले भाडेकरू मेलेले.
साटमांनी मंत्रीची खिडकी उघडली,
बादलीभर रस काढला, फडक्यातून गाळला
आणि निवायच्या आत नळीनं तिच्या पोटात सोडला.
माझी आई वाटी घेऊन शेजारी जायची,
"थोडं विरजण आहे का हो?"
तेवढंच.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या गळ्यातून
एक गोळा वर सरकताना दिसला, खालून वर,
पाण्याच्या पायपातून उंदीर चढावा तसा,
आणि जबडा आडवा फिरू लागला.
जोखू यादव पेढे घेऊन आला.
साटमांनी आपला कागदात बांधून ठेवला.
त्यांच्या तोंडात तेव्हाच
दोन बोटं मावत नव्हती.

टाटा हॉस्पिटल इथून चालत बारा मिनिटं.
मी पंधरा लावली.
जबडा डावीकडचा काढलेला.
पोटाला, डाव्या बाजूलाच, नळी,
नळीच्या तोंडाला झाकण.
दर दोन तासांनी नर्स येते,
सिरिंज उंच धरते, दूध आपोआप उतरतं.
जीभ, दात, चव, सगळी स्टेशनं वगळून.

साटमांनी पाटी मागितली.
बोलताना मालवणी, लिहिताना कार्यालयीन:
"मंत्री रवंथ करतो का? पोट मिनिटाला किती वेळा?"
दोन मिनिटांत तीनदा, मी म्हटलं.
एका घासाला छप्पन्न वेळा चावतो. मोजलंय.
त्यांनी मान हलवली. आकडे पटले.
पाटी पुसून, बऱ्याच वेळानं:
"आधी गिळणे, नंतर सवडीने चावणे.
सदर सवलत बैलास आहे."

मी हसायचं की नाही, कळेना.
दूध संपलं. नर्सनं झाकण लावलं.
मी विचारलं, हात ठेवू?
त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं.
झाकणाच्या खाली, चादरीवरून, तळवा.
काहीच नाही. वॉर्डात कुणाचा तरी रेडिओ.
मग आत कुठेतरी एक लांब, ओलसर गुरगुर,
कुणी आतून कडी काढावी तशी.

साटमांनी पाटी ओढली:
"हात धुऊन आली होतीस ना?"